कच्चं चित्र

सिनेमा बघणाऱ्यांचा एक पंथ असा आहे, की त्याला सिनेमात काय घडतं याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. नायिका मरो नाहीतर तरो, काळा रंग पुरता काळा उतरलाय की राखाडी, पावसाच्या धारा सुट्या दिसतात की त्यांचा लगदा झालाय, मूळ फिल्मवरचे रुपेरी कण जागेवर आहेत की कुणी अतिउत्साहाने पुसून टाकलेत, एवढंच ही मंडळी बघतात आणि त्यावर पानंच्या पानं लिहितात. २०४१ साल उजाडलं, घराघरांतल्या डिस्क जाऊन भिंतभर पडदे आले, तरी हा पंथ कमी झाला नाही. उलट भिंती मोठ्या झाल्या तशी त्यांची नजर आणखी बारीक झाली.

ऋजुता फडतरेचं पोट या पंथावर चालत होतं. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत ती जुने, कुजत चाललेले सिनेमे घरच्या भिंतीवर बघण्याजोगे करून देत असे. अडतीस वर्षांची, स्वभावाने चिवट. एखादा ओरखडा तिच्या नजरेतून सुटला असं गेल्या अकरा वर्षांत झालं नव्हतं, आणि ही गोष्ट ती स्वतः लोकांना सांगत असे, यावरून बाकीचा स्वभावही ओळखावा.

त्या सोमवारी सकाळी प्रयोगशाळेचे प्रमुख तिच्या खोलीत आले. यांचं नाव आल्हाद पानसे, पण चेहरा कायम दाढ दुखत असल्यासारखा.

"तुझ्या जपानी सुनेचे अहवाल आले," ते म्हणाले. "बारा परीक्षकांना प्रत पाठवली होती. बाराच्या बारा जणांनी चित्राला दहापैकी दहा गुण दिलेत."

"मग तोंड का असं?"

"बारांपैकी सात जणांनी सिनेमा अर्ध्यात बंद केला."

"भुताचाच सिनेमा आहे, सर. घाबरायला नको का?"

"भुताला कोणी घाबरलेलं नाही. सून फार सुरेख दिसते म्हणतात. पण तिच्या त्या खोलीसमोर बसवत नाही. एकाला उलटी झाली. एक बाई लिहितात, सिनेमा बंद केल्यावर मी माझ्याच घरात भिंतीला हात लावून लावून चालले." पानशांनी कागद टेबलावर ठेवला. "शुक्रवारी हा सिनेमा घराघरांत जायचाय, ऋजुता. काय आहे ते शोध."

सिनेमा १९६४ सालचा होता. जपानी नाव लांबलचक होतं, म्हणून प्रयोगशाळेत सगळे त्याला 'तळ्याकाठची सून' म्हणत. गोष्ट साधी. सासरच्यांनी तळ्यात ढकललेली सून वर्षभराने परत येते. ती कोणाचा गळा धरत नाही, किंचाळत नाही. ओल्या कपड्यांनी आतल्या खोलीच्या कोपऱ्यात बसते आणि थंडीने कुडकुडत राहते. घरातली माणसं जेवतात, बोलतात, अंथरुणं घालतात, आणि ती कोपऱ्यात बसलेली असते. जुनी प्रत इतकी खराब होती, की कोपऱ्यात बाई आहे की बुरशीचा डाग, ते कळत नसे. ऋजुताने चार महिने खपून तिला डागातून बाहेर काढलं होतं.

हे काम ज्या यंत्राने केलं त्याचं नाव कुणी रसिक अभियंत्याने 'स्थितप्रज्ञ' ठेवलं होतं. ते तीन गोष्टी करी. पहिली, पुसणं. धूळ, ओरखडे, आवाजातली खरखर आणि ठोके. दुसरी, थोपवणं. जुनी फिल्म यंत्रातून जाताना लटपटते आणि सगळं चित्र हलतं. स्थितप्रज्ञ चित्रातली महत्त्वाची गोष्ट, म्हणजे बहुधा माणूस, धरून ठेवी आणि त्याच्या बेताने बाकीचं चित्र सरकवी. डोक्यावर भरली कळशी घेऊन चालणारी बाई कळशी हलू देत नाही, तिचं सगळं हलणं कमरेत आणि मानेत जातं, तसाच हा प्रकार. तिसरी गोष्ट, भरणं. मधल्या काही चौकटी, म्हणजे फ्रेम्स, गळाल्या असतील, तर आधीचं आणि नंतरचं बघून यंत्र मधलं स्वतः रचून घाली. माणूस खुर्चीत बसलाय, मग चौकट गळाली, पुन्हा माणूस खुर्चीत. अर्थात मधेही तो खुर्चीतच असणार. यात चुकण्यासारखं काय आहे?

हेच यंत्र सौम्य मात्रेत आता घरोघर होतं. प्रत्येक भेटभिंतीत ते असे. भेटभिंत म्हणजे अर्ध्या भिंतीएवढा पडदा. त्यात गावाकडचा माणूस जणू आपल्याच खोलीत, समोरच्या खुर्चीत बसलेला दिसतो, श्वासागणिक हलणारी त्याची गुंडीसुद्धा. या भिंती आल्या आणि माणसं गावी जाईनाशी झाली. रोज भेट होतेच की, असं प्रत्येकजण म्हणायचा आणि ते खोटंही नव्हतं.

ऋजुताचीही रोज भेट व्हायची. सकाळी आठला, चहाच्या वेळी, साताऱ्याला एकटे राहणाऱ्या आप्पांशी.

हणमंत फडतरे, म्हणजे आप्पा, पाटबंधारे खात्यात आरेखक होते. धरणांचे, कालव्यांचे नकाशे शाईने काढण्यात त्यांची हयात गेली. हात असा, की हातभर लांबीची रेघ पट्टीशिवाय ओढत. तीन वर्षांपूर्वी ऋजुताची आई गेली, तेव्हा ऋजुता त्यांना पुण्याला न्यायला निघाली होती. आप्पांनी नकार दिला, पण नुसता नकार दिला नाही, करार केला.

"हे बघ," ते म्हणाले होते, "खात्यात नकाशावर दोन सह्या असायच्या. एक काढणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. आपण ओढलेली रेघ आपण तपासायची नसते, चूक दिसतच नाही. तेव्हा मी इथं राहणार, आणि तू मला रोज बघायचं. ज्या दिवशी तुला वाटेल आता याला एकटं ठेवायला नको, त्या दिवशी ये आणि घेऊन जा. मी हूं की चूं करणार नाही. पण ते तू ठरवायचंस. मी सांगायचो नाही."

सुरुवातीला हे बघणं फोनवर व्हायचं. मग गेल्या दिवाळीत ऋजुताने साताऱ्याच्या घरी स्वतःच्या हाताने भेटभिंत बसवली होती. आता जून लागला होता आणि त्यानंतर ती तिकडे गेली नव्हती. जायचं ठरायचं, कामं निघायची, आणि आप्पाच म्हणायचे, कशाला हेलपाटे घालतीस, दिसतोय की मी.

मंगळवारी आठला भिंत उजळली. आप्पा खुर्चीत बसले होते. धुतलेला सदरा, केस पाणी लावून बसवलेले, समोर टेबलावर कपबशी.

"काय म्हणतीय तुझी हडळ?" त्यांनी विचारलं.

"हडळ नाही हो, सून. ती छान आहे. लोकांना खोलीच सहन होत नाही म्हणे."

"सासरची खोली. तिलाही नव्हती झाली." आप्पा हसले. "जेवतीस ना वेळेवर? बारीक दिसायला लागलीस."

"तुमच्या भिंतीचा रंग तपासायला हवा. मी चांगली दोन किलो वाढलेय."

मग नेहमीसारखं भाजीचं, नळाच्या पाण्याचं, शेजारच्या निकमांच्या कुत्र्याचं झालं. उठायच्या आधी आप्पांनी रोजचा प्रश्न विचारला. "मग? कसा दिसतोय मी?"

"ठणठणीत," ऋजुता म्हणाली, तीही रोजच्यासारखीच. आप्पा क्षणभर तिच्याकडे बघत राहिले, मग मान हलवून म्हणाले, "बरं." भिंत पुन्हा भिंत झाली.

दुपारी तोक्योहून हायासे बाई बोलायला आल्या. 'तळ्याकाठची सून' चित्रित झाला तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या आणि प्रत्येक दृश्यात काय कुठे होतं याची टिपणं ठेवायचं काम त्यांच्याकडे होतं. आता त्या पंचाण्णव वर्षांच्या होत्या आणि त्या सिनेमावर काम केलेल्यांपैकी जिवंत अशा एकट्याच. घरच्या आवृत्तीवर शेवटची मान्यता त्यांची लागणार होती. त्या जपानीत बोलत आणि अनुवादयंत्र ते मराठीत सांगे. मराठी चोख होतं, फक्त फार शुद्ध.

"मी तुमची प्रत संपूर्ण पाहिली," बाई म्हणाल्या. "आपण अत्यंत कुशल आहात. परंतु एक बाब सांगणे आवश्यक आहे. बाई आता बरी झाली आहे. घर आजारी पडले आहे."

"मला कळलं नाही," ऋजुता म्हणाली.

"ते दृश्य फेब्रुवारीत चित्रित झाले. तिच्यावर दर वेळी तळ्याचे पाणी ओतत असू. ती खरोखर थरथरत असे. छायाचित्रकार म्हणे, हिचे थरथरणे हेच या सिनेमाचे भूत आहे. आता ती थरथरत नाही. शांत बसते. मग ते थरथरणे गेले कुठे? आपण खोलीकडे पाहावे."

बाईंनी नमस्कार करून निरोप घेतला. ऋजुताने मोठ्या दालनात जाऊन ते दृश्य लावलं आणि चार महिन्यांत पहिल्यांदाच सुनेकडे न बघता तिच्या मागे बघितलं.

मागे लाकडी चौकटीत कागद लावलेलं सरकतं दार होतं. शेदीडशे चौकोनांचं. सून मूर्तीसारखी निश्चल होती आणि तिच्याभोवतीचे चौकोन हलत होते. केसभर, त्याहूनही कमी. बघायला जावं तर दिसत नव्हतं, नजर काढली की जाणवत होतं. चटई हलत होती. जेवणाऱ्या म्हाताऱ्याची सावली हलत होती. सगळं घर त्या बाईच्या थंडीने कुडकुडत होतं, आणि मधे ती एकटी स्वस्थ बसली होती.

ऋजुताला कारण लगेच कळलं. फिल्म लटपटते तेव्हा माणूस आणि खोली एकत्र हलतात, म्हणून माणूस धरला की सगळंच थांबतं. इथे खोली स्थिर होती, फक्त बाई थरथरत होती. स्थितप्रज्ञाने सवयीने बाईला धरलं आणि तिची थरथर खोलीत लोटली. मग ती खोलीतलीही पुसायला बघितलं, पण सगळी पुसता आली नाही. उरली ती डोळ्याला दिसण्याइतकी नव्हती, मात्र शरीराला कळण्याइतकी होती. डोळा म्हणतो जमीन हलतेय, कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो नाही, आणि या भांडणात शरीर एकच अर्थ काढतं, की इथे धोका आहे, पळ. परीक्षकाला उलटी उगीच झाली नव्हती.

पानसे दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी चष्मा वर करून बघितलं. "चौकोन आहेत ना, म्हणून चमकतंय. चौकड्यांचं कापड, जाळी, असलं काही पडद्यावर चमकतंच. नेहमीचंच आहे."

"हो," ऋजुता म्हणाली. "चौकड्यांचं चमकतंच."

हे वाक्य आपण कुठेतरी आधी बोललोय, असं तिला वाटलं. मग कुठे ते आठवलं.

नोव्हेंबरात, भेटभिंत बसवून ती पुण्याला आल्यावरच्या पहिल्याच आठवड्यात, आप्पांचं चित्र किंचित हललं होतं. साताऱ्याच्या घराची भिंत जुनी, कॅमेरा सैल बसला असणार, असं ठरवून तिने बाजारातलं सौम्य स्थितप्रज्ञ काढून तिथे प्रयोगशाळेतलं पूर्ण ताकदीचं घातलं. वडिलांचा चेहरा आणि दोन्ही हात तिने स्वतः निवडून दिले. हे धरून ठेव. तिकडची लाइन अधूनमधून तुटायची, म्हणून भरण्याची मर्यादा दोन सेकंदांवरून तीन मिनिटांवर नेली. चित्र असं काही स्वच्छ आलं, की तिने कौतुकाने ते पानशांना दाखवलं होतं. जानेवारीत एक बारीक दोष उरलेला दिसला. आप्पांच्या हाताखालच्या टेबलक्लॉथचे निळे चौकडे चमकत होते. "आप्पा, चौकड्यांचं चमकतंच, ते कापड बदला बरं, साधं घाला," ती म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी टेबलावर पांढरं कापड होतं आणि चित्रात काहीही दोष उरला नव्हता.

भेटभिंतीतून जे दिसतं त्याची न सुधारलेली प्रत कायद्याने नव्वद दिवस ठेवावी लागते. कच्चं चित्र, म्हणतात त्याला. ते कुणी उघडून बघत नाही. ऋजुताने पानशांना बाहेर जायला सांगितलं, दार लावलं आणि साताऱ्याच्या घराची नोंद उघडली.

सोबत यंत्राने भरलेल्या पोकळ्यांची यादी होती. लाइन तुटली किंवा धरायला दिलेला चेहरा दिसेनासा झाला, की यंत्राच्या लेखी ती पोकळी. एक सेकंद, दीड सेकंद, एक सेकंद. आणि एकवीस मे, सकाळी आठ बारा: एक मिनिट बावन्न सेकंद. तिने पडदा दुभागला. डावीकडे तिला त्या दिवशी दिसलेलं चित्र, उजवीकडे कच्चं.

उजवीकडचे आप्पा तिच्या ओळखीचे नव्हते. सदरा एका खांद्यावरून उतरलेला. गालफडं बसलेली. डावा हात मांडीवर होता आणि तो थांबतच नव्हता. अंगठा आणि बोटं एकमेकांवर घासत होती, विडी वळल्यासारखी. मान बारीक हो हो करत होती. डावीकडचे आप्पा निवांत बसले होते.

तिचा स्वतःचा आवाज ऐकू येत होता. "आणि आप्पा, तो माणूस लिहितो काय, तर पावसाचे कण मूळ फिल्मपेक्षा तीन टक्क्यांनी मऊ वाटतात. तीन टक्के! मोजपट्टी घेऊन बसतात का हो हे लोक?"

उजवीकडच्या आप्पांनी उठायचा प्रयत्न केला. टेबलावरच्या चष्म्यासाठी असेल. डावा पाय उचललाच नाही. खुंटीवरून सदरा घसरावा तसे ते खुर्चीवरून खाली गेले. धप्प आवाज झाला. डावीकडे तो आवाज नव्हता. ठोके पुसायचं काम यंत्राने चोख केलं होतं.

उजवीकडे आता रिकामी खुर्ची होती. डावीकडे आप्पा खुर्चीत बसून तिच्याकडे बघत होते.

"…मी पानशांना म्हटलं, पाऊस मऊ नाही, त्या माणसाचं डोकं मऊ आहे." तिचं हसणं. "आप्पा, ऐकताय ना?"

डावीकडच्या आप्पांनी हसून मान डोलावली.

उजवीकडे टेबलाच्या कडेवर चार बोटं आली. ती थरथरत होती, त्यांच्या खालचं पांढरं कापड चुरगळत होतं. बोटांनी कड धरली, ओढली आणि निसटली. कापड कपबशीसकट खाली गेलं. पुन्हा काही वेळ रिकामी खुर्ची. तिचा आवाज बोलत होता, बोलतच होता. पुन्हा बोटं आली.

"हे कुठलं?" मागून पानसे म्हणाले. ते कधी आत आले ते तिला कळलं नव्हतं. "आपल्याकडे आलंय का हे? कोणी काढलंय? जबरदस्त आहे. इकडे माणूस बसलाय आणि इकडे ती नुसती बोटं, बाप रे—" तेवढ्यात त्यांना खुर्चीमागच्या भिंतीवरचं मराठी कॅलेंडर दिसलं, आणि ते बोलायचे थांबले.

उजवीकडे आधी कापड आणि कपबशी टेबलावर परत आली, मग आप्पा खुर्चीच्या हातावर छाती टेकून वर आले. बसले. सदरा सारखा केला, केस बसवले. डावीकडचं चित्र त्या चित्रावर येऊन असं बेमालूम मिळालं, की सांधा दिसला नाही. अकरा वर्षांत ऋजुताने पाहिलेलं ते सर्वांत सुरेख काम होतं.

"मी निघते, सर," ती म्हणाली.

"सिनेमाचं मी बघतो," पानसे म्हणाले. "थोपवणं बंद करतो सगळं. थरथरू दे तिला. तू जा."

गाडीत बसल्यावर फोन करावा असं तिच्या मनात आलं. पण फोनवरचा आवाजही आतून पुसूनच येतो, हे तिला पक्कं माहीत होतं. खंबाटकीच्या बोगद्यातून जाताना तिला एकदम रडू आलं. गेले सात महिने रोज सकाळी ते विचारत होते, कसा दिसतोय मी. ती चौकशी नव्हती. तपासणाऱ्याची सही मागत होते ते, आणि तिने रोज डोळे झाकून सही केली होती.

साताऱ्याला पोचली तेव्हा चार वाजले होते. तिने बेल दाबली. आतून पाय ओढत येण्याचा आवाज आला, एकच पाय ओढल्याचा. मग आतली कडी वाजायला लागली. वाजतच राहिली. उघडेना. लोखंडावर लोखंड टकटकत होतं आणि पलीकडे कोणी काही बोलत नव्हतं. स्वतःच्या घराच्या दारासमोर, भर उन्हात, ऋजुताच्या अंगावर काटा आला.

दार उघडलं. "अगं? न सांगता?" आप्पा म्हणाले. त्यांनी चटकन डावा हात लेंग्याच्या खिशात घातला. खिसा हलत राहिला.

ती आत गेली आणि टेबलाशी बसली. आप्पा चहा करतो म्हणाले, तिने करू दिलं नाही, स्वतः केला. त्यांच्यासमोर कप ठेवताना अर्धाच भरला. आप्पांनी ते पाहिलं.

"न्यायला आलीस होय," ते म्हणाले.

"हो."

"बरं झालं." त्यांनी कप जवळ ओढला. "उशीर केलास म्हणत नाही मी. ठरवायचं तुझ्याकडंच होतं. रोज बघत होतीस, काही विचारत नव्हतीस, म्हटलं हिच्या मापात अजून बसत असेन मी. तुझंही काम असतं. जपानी लोकांना तारखा द्यायच्या असतात. आपण होऊन कशाला गळ्यात पडा."

"आप्पा, मला दिसत नव्हतं."

"असू दे गं."

"खरंच नव्हतं दिसत. ऐका माझं." आणि तिने सगळं सांगितलं. थोपवणं, पुसणं, भरणं. तिनेच घातलेलं यंत्र, तिनेच वाढवलेली मर्यादा. टेबलक्लॉथचे चौकडे का चमकले ते. ती बोलताना रडत होती. आप्पा मान पुढे करून ऐकत होते. मधे त्यांनी एक शंका विचारली, हात धरून ठेवला तर कप कसा काय हलत नाही, आणि ती बरोबर शंका होती. आयुष्यभर नकाशे काढलेला माणूस, यंत्र त्यांना नीट समजलं.

"हुशार आहे," ते म्हणाले. "पण तू कशाला एवढं मोठं यंत्र मधे आणतीस? ते कापड बदलायला लावलंस तेव्हाच मी ओळखलं. चहाचे डाग पडायचे माझ्या हातून. डाग म्हणाली नाहीस, चौकड्यांचं निमित्त केलंस. तुझी आई असंच करायची. मी एकदा नकाशावर शाई सांडली, तर दिवसभर त्या खोलीतच आली नाही."

"आप्पा, नाही हो—"

"आणि त्या दिवशी पडलो मी. ते तरी दिसलं असणारच की." त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही, कपाकडे बघितलं. "खालून तू मला दिसत होतीस भिंतीवर. माझ्याकडंच बघत होतीस. वाटलं, आता ही किंचाळणार, निकमांना फोन करणार, चार माणसं येऊन मला उचलणार. सगळी आळी गोळा होणार. पण तू बोलत राहिलीस. पावसाचं काहीतरी सांगत होतीस. हसलीससुद्धा. माझा मला उठू दिलंस." त्यांनी कप उचलला आणि परत ठेवला. "फार मोठं केलंस पोरी ते. माझ्याच्यानं झालं नसतं."

निघताना उतरवून घेतलेली ती नोंद ऋजुताच्या पिशवीत होती. दोन्ही चित्रं, शेजारी शेजारी. ती दाखवली असती तर त्यांना पटलं असतं. मग त्यांना ती चार बोटं बघावी लागली असती, आणि खुर्चीत बसून हसणारा तो दुसरा हणमंत फडतरेही बघावा लागला असता, ज्याच्याशी त्यांची मुलगी खुशाल गप्पा मारत होती. आणि ज्या एका गोष्टीच्या जोरावर त्यांनी पडल्यानंतरचे हे तीन आठवडे काढले होते, ती मुळात घडलीच नव्हती, हेही कळलं असतं.

पिशवी तिने खुर्चीखाली सरकवली.

"उद्या पुण्याला जाऊ," ती म्हणाली. "परवा डॉक्टरांची वेळ घेते."

"जाऊ की." आप्पांनी उरलेला चहा संपवला. "एक सांगशील? खरं सांग हं."

"काय?"

"पडलो तेव्हा फार वाईट दिसलो का गं?"

तिने हे त्याच दुपारी पाहिलं होतं, सेकंदासेकंदाने. तिने डोळे पुसले आणि आप्पांच्या नजरेला नजर दिली.

"नाही, आप्पा," ती म्हणाली. "लगेच तर उठलात तुम्ही. मी बघत होते ना."

आप्पांनी मोठा श्वास सोडला. मग खिशातला हात बाहेर काढून त्यांनी तो टेबलावर, तिच्यासमोर ठेवला. हात थरथरत होता, कपबशी किणकिणत होती. ऋजुताने नजर हलवली नाही.